पार्टी झाली, बोनसचं काय?

दिवाळी सरली की या सदराकडे बोनसची पत्रं येतात. यंदा डिसेंबरच्या अंकासाठी पत्रं चाळताना दिसलं की त्यांत पार्ट्यांचा विषयही शिरला आहे. कुणाला बोनसऐवजी पार्टी मिळाली, कुणाला नाताळची पार्टी हवी आहे, तर कुणाला दुकानातल्या माणसांना नेमकं काय द्यावं ते कळत नाही. माझी नोकरी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात सुरू झाली आणि पगार विभागात संपली. बोनसची रजिस्टरं मी हाताने भरली आहेत आणि ते पाकीट हातात पडल्यावर माणसांचे चेहरे खिडकीतून पाहिले आहेत. त्यामुळे या विषयात मी कुणाच्या बाजूने आहे ते लपवत नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कुपवाड एमआयडीसीत एका मशिन शॉपवर सीएनसी ऑपरेटर आहे. सात वर्षं झाली. सगळे मिळून आम्ही चौतीस जण. आजवर दिवाळीच्या आधी एक पगार बोनस आणि मिठाईचा पुडा मिळायचा. यंदा थोरल्या साहेबांनी कारभार मुलाकडे सोपवला. धाकट्या साहेबांनी आम्हाला एका रविवारी बसने रिसॉर्टला नेलं. डीजे, जेवण, कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट, लकी ड्रॉ. मजा आली, खोटं कशाला बोलू? पण धनत्रयोदशीला खात्यात नुसता पगार आला. विचारलं तर म्हणाले, "पार्टीवर किती खर्च झाला माहितीये का? तोच तुमचा बोनस. शिवाय यंदा ऑर्डरी कमी आहेत." दोघांनी परत विषय काढला तर सगळ्यांसमोर त्यांना "निगेटिव्ह माणसं" म्हणाले. आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की ब्रिटिशांनी आपला तेरावा पगार बुडवला म्हणून १९४० मध्ये बोनसचा कायदा झाला. हे खरं आहे का? आणि आम्ही आता काय करावं? — एक कामगार, कुपवाड

उत्तर : दादा, रिसॉर्टच्या बिलाने बोनस फिटत नाही. तुमच्या धाकट्या साहेबांना हे कुणी सांगितलं नसेल, तर हा अंक त्यांच्या टेबलावर ठेवा.

तुम्ही मागताय तो एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षाचा बोनस. त्याचा हिशेब १९६५ च्या बोनस कायद्याने करायचा. वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामावर असली की तो कायदा लागू होतो, आणि तुम्ही चौतीस आहात. मूळ पगार अधिक महागाई भत्ता महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत आणि वर्षात निदान ३० दिवस काम, एवढं असलं की माणूस पात्र ठरतो. दर कमीत कमी ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २० टक्के. कमीत कमी दर नफा होवो की तोटा, द्यावाच लागतो. ऑर्डरी कमी आहेत हे कारण ८.३३ च्या वर किती द्यायचं याबद्दल ऐकून घेता येईल, त्याच्या खाली उतरायला चालत नाही. नव्या कारखान्यांना सवलत आहे: माल विकायला लागल्यानंतरची पहिली पाच वर्षं, ज्या वर्षी नफा होईल त्या वर्षीच त्यांच्यावर बोनसचं बंधन. पण तुम्हालाच तिथे सात वर्षं झाली, म्हणजे ती सवलत संपली.

आता आकडा काढू. बोनस सगळ्या पगारावर निघत नाही. घरभाडं, ओव्हरटाइम त्यात धरत नाहीत. मूळ पगार आणि महागाई भत्ता ७,००० रुपये किंवा तुमच्या कामाचं सरकारी किमान वेतन, यांतल्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त असेल, तर त्या मोठ्या रकमेवर हिशेब होतो. समजा तुमच्या वर्गाचं किमान वेतन १२,००० आहे. बारा महिन्यांचे झाले १,४४,०००. त्याचे ८.३३ टक्के म्हणजे ११,९९५ रुपये, जवळजवळ एक महिन्याचं वेतन. पुष्कळ ठिकाणी हिशेबनीस अजूनही डोळे मिटून ७,००० धरतात आणि माणसाच्या हातावर ६,९९७ रुपये ठेवतात. २०१५ च्या दुरुस्तीने "किमान वेतन" हे शब्द त्यात आले, ते वाचायचे राहून जातात. मी पाहिलेल्या रजिस्टरांत सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडालेले आहेत. तुमच्या कामाचं किमान वेतन किती आहे ते आधी पक्कं विचारून घ्या, मगच तुमचा आकडा ठरवा.

मुदत म्हणजे हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिने. मार्चअखेर वर्ष संपलं, म्हणजे ३० नोव्हेंबर. ती तारीख उलटून गेली आहे. दिवाळी हुकली तरी नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबता येतं, ही मालकाची बाजू होती. आता तीही उरली नाही. दरम्यान २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि बोनसचा जुना कायदा तिच्यात गेला. म्हणून काही जण कामगारांना सांगताहेत की "कायदाच रद्द झाला, आता बोनस नाही." हे साफ खोटं आहे. ८.३३ आणि २० हे दर, ३० दिवसांची अट आणि आठ महिन्यांची मुदत संहितेतही तशीच आहे. उलट बोनस बँक खात्यात जमा करायचा, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

"निगेटिव्ह" असणं हे बोनस नाकारायचं कारण कोणत्याच कायद्यात नाही. जुन्या कायद्यात कारणं मोजून दिलेली आहेत: फसवणूक, कारखान्याच्या आवारात दंगा किंवा मारामारी, चोरी, अफरातफर, घातपात. तेही त्या कारणासाठी माणसाला कामावरून काढलं असेल तरच. ज्या दोघांना सगळ्यांसमोर बोलले, त्यांनी तुम्हा सगळ्यांचं काम केलं आहे. त्यांना एकटं पाडू नका.

तो मेसेज पुढे पाठवू नका. कायदा १९४० चा नाही, १९६५ चा. पण खरी गोष्ट त्या मेसेजपेक्षा कितीतरी मोठी आहे आणि ती आपल्या भागाची आहे. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली, तेव्हा १९१७ पासून मुंबईच्या गिरण्या युद्ध बोनस देऊ लागल्या. लढाई संपल्यावरही गिरण्यांना नफा होत होता आणि बोनस चालू राहिला. १९२३ चा बोनस मालकांनी दिला नाही, म्हणून १९२४ च्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. सरकारने हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने निकाल दिला की बोनसवर कामगारांचा ना रिवाजाने हक्क आहे, ना कायद्याने. लोक रिकाम्या हाताने सांच्यांवर परतले. त्या गिरण्यांत सातारा जिल्ह्याची माणसं खूप होती, आणि वाळवा, तासगाव, खानापूर हे आजच्या सांगलीचे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. तुमच्या माझ्या पणजोबांपैकी कुणीतरी त्या संपात उपाशी राहिलेलं असणार.

तिथून पुढे १९५० मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणाने नफ्यातून बोनस कसा काढायचा याचं सूत्र घालून दिलं. १९६१ मध्ये एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग बसला आणि १९६५ मध्ये कायदा आला. त्या वेळी किमान बोनस ४ टक्के होता. १९७२ मध्ये तो ८.३३ झाला, आणीबाणीत पुन्हा ४ वर आणला गेला आणि १९७७ मध्ये परत ८.३३ झाला. १९७४ च्या मे महिन्यात देशभरातले रेल्वे कामगार संपावर गेले, त्यांच्या मागण्यांतही बोनस होता. इतक्या लोकांनी इतकी वर्षं झगडून मिळवलेली रक्कम एका रविवारच्या डीजेत वळती करायची? मला हे सहन होत नाही.

आता काय करायचं ते सांगते. पहिल्यांदा थोरल्या साहेबांना भेटा. ज्यांनी इतकी वर्षं न मागता एक पगार दिला, त्यांना हे पटलेलं नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि घरातल्या माणसाने सांगितलेलं मुलगा ऐकेल. भेटायला पाच-सहा जण जा, त्यांत एखादा जुना फिटर असू द्या. त्याने भागलं नाही तर एक कागद लिहा. भाषा साधी ठेवा: "२०२४-२५ या वर्षाचा बोनस मिळालेला नाही, तो द्यावा." त्यात पार्टीचा उल्लेख नको, टोमणा नको. जितक्या सह्या मिळतील तितक्या घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. गेल्या वर्षीच्या बोनसची नोंद प्रत्येकाच्या पासबुकात असेल, तिची झेरॉक्स जपून ठेवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर सांगलीच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या. वर्ष उलटू देऊ नका.

आणि एक गोष्ट काळजाला लावून घ्या. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय बोनसच्या रजिस्टरवर सही करायची नाही. "आधी सही करा, ऑडिट आहे" असं म्हणून सह्या घेतात, रजिस्टरवर ८.३३ टक्के दिसतात आणि माणसाला मिळतो मिठाईचा पुडा. त्या सहीनंतर तुमच्या बाजूने उभं राहायला येणाऱ्याचे हातही बांधले जातात.

पार्टी नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या कारखान्यांची खरी पार्टी खंडेनवमीची. आदल्या दिवशी दुपारपासून मशिनी बंद व्हायच्या, रॉकेल आणि जूट घेऊन लोक लेथ पुसायला बसायचे, स्लाइडवरचा वर्षाचा काळा थर निघायचा. नवमीला प्रत्येक मशिनीला झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. त्या दिवशी बायकामुलांना आत सोडायचे. मोल्डिंगमधला एक गडी आपल्या मुलीला हात धरून भट्टीपर्यंत घेऊन गेला होता आणि "मी इथं उभा असतो" एवढंच म्हणाला होता, ते मला आजही दिसतं. मग पंगत. मालकीणबाई स्वतः वाढायच्या. कुणी भाषण करत नसे. त्या दिवसाचा खर्च कुणी बोनसमधून कापला नव्हता, म्हणून त्या जेवणाला चव होती. तुमच्या धाकट्या साहेबांना माणसं एकत्र आणायची हौस आहे, ही चांगली गोष्ट आहे. बोनस देऊन झाल्यावर ती हौस त्यांनी जरूर करावी, आणि पुढच्या वेळी घरच्यांनाही बोलवावं.

प्रश्न : ताई, माझी मुलगी इंग्लंडमध्ये सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. आमच्या शेजारणीचा मुलगा पुण्यात आयटी कंपनीत आहे, त्यांच्याकडे ख्रिसमसला हॉटेलात पार्टी, सिक्रेट सँटा, भेटवस्तू. मी मुलीला विचारलं, "तू तर ख्रिसमसच्याच देशात आहेस, तुला काय मिळतं?" ती म्हणाली, "आई, वॉर्डची पार्टी आहे, पण वर्गणी आम्हीच काढतो. बोनस काही नाही." इतक्या श्रीमंत देशात असं असेल? की ती पैशांचं माझ्यापासून लपवते? — एक आई, सातारा

उत्तर : वहिनी, मुलगी खरं बोलते आहे. ब्रिटनमध्ये नाताळचा बोनस कायद्याने द्यावा लागत नाही. नोकरीच्या करारात असेल किंवा मालकाच्या मनात आलं तर मिळतो. पार्टीचं म्हणाल तर खासगी कंपन्या अजूनही देतात, आणि तिथलं करखातं त्याला हातभार लावतं. वर्षाला माणशी १५० पौंडांपर्यंतच्या समारंभाचा खर्च कामगाराच्या उत्पन्नात धरत नाहीत. अट अशी की आमंत्रण सगळ्या कर्मचाऱ्यांना हवं, निवडक साहेबांना नव्हे. ही अट मला फार आवडते. पण तुमची मुलगी सरकारी आरोग्यसेवेत आहे. तिथे लोकांच्या कराच्या पैशातून वॉर्डच्या पार्ट्या होत नाहीत, म्हणून नर्स मुली आपसात पैसे काढून जेवायला जातात.

तिला मिळतं ते दुसऱ्या वाटेने. २५ डिसेंबरला ड्यूटी लागली तर तिथल्या वेतनकरारानुसार स्टाफ नर्सला त्या तासांचे साठ टक्के जास्त मिळतात. घरापासून लांब, सणाच्या दिवशी, रात्रपाळीला उभं राहण्याचा तो मोबदला आहे. पुढच्या फोनला तिला बोनसचं विचारू नका, नाताळला ड्यूटी कुठली आहे ते विचारा.

श्रीमंत देश देतात आणि गरीब देत नाहीत, असं काही नसतं. फिलिपिन्समध्ये १९७५ च्या हुकूमनाम्याने तेरावा पगार सक्तीचा झाला, आणि तो २४ डिसेंबरच्या आत द्यावा लागतो. मेक्सिकोत २० डिसेंबरच्या आत निदान पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. आपल्याकडे सण वेगळा आणि हिशेब वेगळा, पण वर्षातून एकदा घरात एकगठ्ठा रक्कम यावी, ही गरज मनिलाच्या आणि माधवनगरच्या बाईची एकच आहे.

शेजारणीच्या मुलाचं एक विचारून घ्या. तिथल्या बऱ्याच कंपन्यांत पगार बोनस कायद्याच्या मर्यादेच्या वर असतात. त्यांना जे मिळतं ते करारातलं, कामगिरीवर ठरणारं. कंपनीची वर्षाची गणितं बिघडली की आधी तीच रक्कम कमी होते. हॉटेलातला फोटो पाहून आपल्या मुलीची त्याच्याशी तुलना करू नका.

प्रश्न : आदरणीय ताई, मी मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. आम्ही ख्रिश्चन आहोत. बोनस आणि गोडाचा बॉक्स आम्हाला सगळ्यांसोबत दिवाळीला मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण डिसेंबरमध्ये मुलांचे कपडे, केक, पाहुणे, चर्चची वर्गणी हे सगळं येतं तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. आम्हा सात-आठ जणांना बोनस नाताळला मागता येईल का? माझी बहीण ट्रस्टच्या हॉस्पिटलात आहे, तिला तर बोनसच नाही म्हणतात. हे कसं? — एक सिस्टर, मिरज

उत्तर : सिस्टर, बोनसच्या कायद्यात दिवाळीचं नाव कुठेच नाही. तो कोणत्याही धर्माच्या सणाशी बांधलेला नाही. दिवाळी आठ महिन्यांच्या मुदतीत येते आणि बहुतेकांचा सण आहे, म्हणून तेव्हा वाटायची रीत पडली. पण मुदत ३० नोव्हेंबरला संपते आणि नाताळ त्यानंतर येतो. त्यामुळे बोनस डिसेंबरात द्या म्हटलं तर व्यवस्थापन कायद्याच्या आडोशाने नाही म्हणेल, आणि ते बरोबरच असेल. तुम्ही दोन गोष्टी मागू शकता. एक, तुम्हा सात-आठ जणांचा बोनस नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जमा करा. दोन, डिसेंबरात सणाची उचल द्या, चार-पाच हप्त्यांत पगारातून वळती होईल अशी. दिवाळीला उचल देणाऱ्या संस्थेने नाताळला ती नाकारायचं काही कारण नाही. ईदेचंही तेच. माझ्या मस्टरवर शेख होते, कांबळे होते, डिसोझा होते. ईदेच्या आधी उचलीचा अर्ज आला की आमचे मॅनेजर सही करून मग वाचायचे.

बहिणीचं म्हणणं बरोबर आहे. नफ्यासाठी न चालवलेल्या संस्था, त्यांत अशी हॉस्पिटलंही आली, बोनस कायद्याच्या बाहेर ठेवलेल्या आहेत. फक्त पाटीवर "ट्रस्ट" लिहिलेलं आहे म्हणून नव्हे, तर संस्था खरोखर नफ्यासाठी स्थापलेली नाही हे पाहावं लागतं. कायदा नसला तरी अशा पुष्कळ संस्था सणाला सानुग्रह रक्कम देतात. बहिणीला आणि तिच्या सहकाऱ्यांना विश्वस्तांकडे तशी विनंती करता येईल.

आणि मिरजेत तरी नाताळ परका मानू नये. डॉ. वान्लेस यांनी इथे १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं, आणि या गावाची डॉक्टरांचं गाव म्हणून जी ओळख झाली, तिची पायाभरणी तिथे झाली. तुमच्या हॉस्पिटलात धन्वंतरीची पूजा होत असेल तर २४ तारखेला संध्याकाळच्या पाळीला केक कापायला आणि कॅरल गायला अर्धा तास मागा. रुग्णांनाही बरं वाटतं.

प्रश्न : ताई, माझं मार्केट यार्डात हळदीचं दुकान आहे. दुकानात आणि गोडाऊनला मिळून सात माणसं. वडिलांच्या वेळी दिवाळीला पोस्त, एक पोशाख आणि लाडू-चिवडा अशी रीत होती. आता पोरं म्हणतात, कपडे नकोत, रोख द्या. कायदा मला लागू आहे का? किती द्यावं? हमालांचं काय? — एक व्यापारी, सांगली

उत्तर : भाऊ, सात माणसांवर बोनसच्या कायद्याची सक्ती येत नाही. पण तुम्ही विचारलंत, म्हणजे द्यायचं तुमच्या मनात आहे.

पोरं बरोबर बोलतात. पोशाखाचा काळ वेगळा होता, तेव्हा वर्षात एकदाच नवं कापड अंगाला लागायचं. आज त्याच पैशांत त्याला मोबाइलचा हप्ता, पोराची फी, गावाकडे आईचं औषध बघायचं असतं. रोख द्या. वर्षभर काम केलेल्याला एक पूर्ण पगार, सहा महिने केलेल्याला अर्धा. ज्याने मध्येच काम सोडलं त्यालाही बोलावून त्याच्या महिन्यांचं द्या. ही बातमी यार्डात फिरते आणि पुढच्या हंगामात माणूस शोधायला तुम्हाला बाहेर पडावं लागत नाही. रक्कम धनत्रयोदशीच्या निदान आठ दिवस आधी द्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिलेले पैसे त्याच्या बायकोच्या काय कामाचे? तोवर किराणा भरून झालेला असतो, तोही उधारीवर. पाकिटावर नाव लिहा आणि ते तुमच्या हाताने द्या, दिवाणजींकडून पाठवू नका.

उचल त्या पाकिटातून कापू नका. हे मी कळकळीने सांगते आहे. माणूस वर्षभर या पाकिटाच्या भरवशावर घरी शब्द देतो, आणि उघडल्यावर आत चिठ्ठी असते: "मागची बाकी वजा". उचल पगारातून हप्त्याने वळती करा.

हमाल माथाडी मंडळाकडे नोंदलेले असतील तर तुम्ही मजुरीवर जी लेव्ही भरता, तिच्यात त्यांच्या बोनसचाही वाटा असतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने ही सोय झाली. म्हणून लेव्ही वेळेवर आणि पूर्ण मजुरीवर भरा. मजुरी कमी दाखवली की त्यांचा बोनसही तितकाच कमी होतो. लाडू-चिवडा मात्र बंद करू नका, आणि भडंगाचं पाकीट असेल तर मोठं द्या. पोती उचलणाऱ्या माणसाला दिवाळीच्या सकाळी दुकानात बसवून खायला घालणं ही तुमच्या वडिलांची रीत होती, ती तशीच चालू द्या.

प्रश्न : आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी जूनपासून येतात. दिवाळीला त्यांना अर्धा पगार दिला, तर त्या नाराज दिसल्या. आमचं चुकलं का? — विश्रामबाग, सांगली

उत्तर : कायदा इथे काही सांगत नाही, रीत सांगते. सांगलीत घरकामाला वर्ष झालं की दिवाळीला एक पगार. जून ते ऑक्टोबर पाच महिने होतात, तेव्हा अर्धा पगार हिशेबाने कमी नाही. पण मावशी चार घरी कामाला जात असतील आणि बाकीच्या तिघींनी पूर्ण दिला असेल, तर त्यांना लागणारच. एकदा शांतपणे विचारा. उरलेला अर्धा संक्रांतीला दिलात तरी चालेल, आणि पुढच्या वर्षी किती देणार ते कामाला ठेवतानाच सांगून टाका. भाऊबीजेच्या सुट्टीचे पैसे कापले असतील तर ते आधी परत करा.